खिशातल्या चाकूला धार: १५ अंश की २०? (आणि माझा नाण्यांचा घोळ)

गंगाघाट_नाशिक
नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण चार दिवस डोक्यात घोळतोय.

मेहुण्याने दुबईहून येताना घडीचा चाकू आणून दिला. पात्यावर '८सीआर१३एमओव्ही' असं कोरलेलं आहे. सहा-सात महिने झकास चालला. पेरू, पार्सलच्या चिकटपट्ट्या, गच्चीतल्या वेलांची सुतळी, सगळं यानेच. आता टोमॅटोवर ठेवला की साल नुसती दबते.

बाजारात धारवाल्याकडे देणार नाही, कारण एकदा हात पोळलेत. आजोबांचा साध्या लोखंडी पात्याचा घडीचा चाकू होता, तो मी हौसेने चाकावर फिरवून आणला. ठिणग्या बघायला मजा आली. घरी येऊन उजेडात धरला तर टोकापासून दोन बोटं निळं-जांभळं झालेलं. त्यानंतर तेवढी जागा धार धरतच नाही. आज लावली तर उद्या बोथट. म्हणून या वेळी भद्रकालीतून दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड आणलाय, एक बाजू भरड, एक बारीक.

विचारायचं इतकंच: कोन किती धरायचा? नेटवर कुणी १५ म्हणतं, कुणी २०, एका महाभागाने ४० लिहिलंय.

सरळकोन
९० अंशात घासा. धार नाही आली तरी हातोडी म्हणून वापरता येईल.

भटक्या_हरिहर
वरच्या गृहस्थांकडे दुर्लक्ष करा.

४० वाला आणि २० वाला एकच गोष्ट सांगताहेत. धारेला दोन बाजू असतात. प्रत्येक बाजूने २० अंश धरले की दोन्ही मिळून ४०. कुणी एका बाजूचा सांगतं, कुणी एकूण. चर्चा वाचताना आधी तेवढं बघून घ्यायचं, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

खिशातल्या चाकूला मी डोळे झाकून २० (एका बाजूने) सांगतो. ट्रेकला काय काय कापावं लागतं याचा नेम नसतो. दोरी, बांबूची काटकी, चुलीसाठी ढलप्या, मधेच खाली दगड लागतो. १५ वर लावलेली धार अशा कामात उडते. माझ्याकडे लाकडी मुठीचा ओपिनेल आहे, कार्बन पोलादाचा. इगतपुरीच्या पावसात एक रात्र ओला राहिला तर सकाळी गंज हजर, पण २० ची धार मात्र कमाल टिकते.

कोन मोजायला कोनमापक नको. शाळेतलं साइन आठवतं का? पात्याची रुंदी गुणिले साइन २० केलं की पाठ दगडापासून किती उचलायची ते मिळतं. साइन २० म्हणजे ०.३४२. तेवढ्या उंचीची नाण्यांची चवड दगडावर ठेवायची, पाठ तिच्यावर टेकवायची, हाताला कोन कळला की नाणी काढून घ्यायची. हिशोब नको असेल तर कागदाच्या कोपऱ्याची घडी घाला. ९० चे ४५, ४५ चे साडेबावीस. त्यापेक्षा किंचित खाली आलात की झालं.

माजघर
तुमचं साइन-बिन चालू द्या. माझ्या सासूबाई लोणच्याची चिनीमातीची बरणी उलटी करतात. तिच्या बुडाला जी खरबरीत, चकाकी नसलेली कड असते, तिच्यावर सुरी चार वेळा इकडून, चार वेळा तिकडून. कोन विचारला तर म्हणाल्या, "आवाज बदलतो बघ." आणि खरंच बदलतो. पातं जास्त आडवं धरलं तर नुसतं सुळसुळतं, जास्त उभं धरलं तर करकरतं.

विळीला मात्र त्या हात लावू देत नाहीत, तिला धार फक्त त्याच लावणार. का ते विचारायची माझी हिंमत नाही.

द्राक्षबाग_निफाड
भाऊ, आमच्याकडचा चाकू बघितला तर तुमचा २० चा हिशोब गुंडाळून ठेवाल. कलम बांधायचा चाकू एकाच बाजूने घासलेला असतो. एक बाजू उतरती, दुसरी आरशासारखी सपाट.

कारण सांगतो. डॉगरिज जातीच्या द्राक्षखुंटावर पाचर कलम करताना काडी दोन्ही बाजूंनी पाचरीसारखी तासायची असते. तो काप एका ओढीत, एकदम सपाट आला पाहिजे. खुंटाच्या सालीखालचा हिरवा थर आणि काडीचा थर एकमेकांना चिकटले तर कलम जीव धरतं. मधे फट राहिली की गेलं. दोन्ही बाजूंनी घासलेलं पातं लाकडात शिरलं की थोडं बाहेर ढकललं जातं, काप पन्हाळीसारखा खोलगट येतो. सपाट बाजूचं पातं काडीला धरून चालतं.

तीन वर्षांपूर्वी कलमाच्या टोळीतल्या एका नव्या पोराने चाकू बोथट झाला म्हणून सपाट बाजूसुद्धा दगडावर तिरकी घासली. धार आली, पण काप वाकडे. दोन ओळींत जागोजागी खुंट मोकळे राहिले, पुढच्या वर्षी परत बांधायला लागले. सपाट बाजू दगडावर पूर्ण आडवीच ठेवायची असते, तीसुद्धा शेवटी, नुसती बर (घासल्यावर कडेला वळून राहणारा पोलादाचा बारीक पदर) काढण्यापुरती. छाटणीच्या कात्रीचंही तसंच. फक्त बाहेरचा उतार घासायचा.

तेव्हा दादा, कोन विचारण्याआधी चाकू कोणत्या जातीचा ते बघा ना भो.

गंगाघाट_नाशिक
माझा दोन्ही बाजूंनी सारखा उतरता आहे, तपासला.

काल रात्री भटक्यादादांच्या सांगण्याप्रमाणे केलं. रुंदी मोजली, १८ मिमी. १८ गुणिले ०.३४२ म्हणजे ६.२ मिमी. नाण्यांची चवड पट्टीला लावून ६ मिमीच्या किंचित वर आणली. बारीक बाजूवर पाणी टाकून प्रत्येक बाजूला पन्नास-पन्नास हात मारले. घासण्याआधी धारेला काळा मार्कर फासला होता, कुठे घासलं जातंय ते कळावं म्हणून.

निकाल गमतीशीर आहे. मार्कर फक्त अगदी कडेला केसाएवढ्या पट्टीत गेला. बाकीचा सगळा उतार काळाच. पेपर कापतो, पण टोमॅटोवर पहिल्यांदा घसरतो आणि मग एकदम आत जातो. गाजर कापायला घेतलं तर अर्ध्यात टणकन तडकलं. २० अंश इतके बोजड असतात का? की कंपनीने हा चाकू १५ वर लावला होता?

भटक्या_हरिहर
मार्कर कडेलाच गेला म्हणजे तुम्ही कंपनीच्या कोनापेक्षा जास्त उभं धरलंत. उलटं झालं असतं, वरचा खांदा (उताराची पाठीकडची कड) उजळला असता आणि कड काळी राहिली असती, तर कोन कमी पडला म्हणायचं. मग कंपनीचा १५-१६ असणार. चीनच्या या पोलादाला १५ कशाला देतात कळत नाही.

टूलरूमवाला
कंपनीला दोष देऊ नका. हिशोबात चूक आहे, आणि ती चूक आमच्या धंद्यात शिकाऊ पोरं पहिल्याच महिन्यात करतात.

मी सातपूरला टूलरूममध्ये तीस वर्षं काढली, प्रेसचे डाय, म्हणजे पत्रा कापायचे साचे, बनवण्यात. तिथे कोन लावायला साइन बार असतो. एक सरळ पोलादी पट्टी, दोन टोकांना दोन रोलर, एका रोलरखाली स्लिप गेज (नेमक्या जाडीचे पोलादी ठोकळे) रचायचे. १०० मिमीचा साइन बार २० अंशांवर लावायचा तर गेज ३४.२० मिमी. तुमची नाणी म्हणजे स्लिप गेज आणि पातं म्हणजे साइन बार. कल्पना अगदी बरोबर. पण साइन बारची लांबी मोजतात ती एका रोलरच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत, आणि दोन्ही रोलर एकाच मापाचे असतात म्हणून हिशोब जुळतो. चाकूचं तसं नाही. धारेच्या बाजूला जाडी शून्य आणि पाठीला जाडी चांगली भरीव. साइनने जी उंची मिळते ती पाठीच्या मध्यरेषेची. तुम्ही चवडीवर टेकवली पाठीची खालची कड. म्हणजे मध्यरेषा अर्ध्या जाडीने आणखी वर गेली.

पाठीची जाडी सांगा, मग बोलू.

गंगाघाट_नाशिक
मित्राच्या व्हर्नियरने मोजली काका. २.५ मिमी.

टूलरूमवाला
मग बघा. अर्धी जाडी १.२५, पातं तिरकं असल्याने उभ्या उंचीत त्यातली साधारण १.१५ धरायची. तुम्ही खालची कड ६.२ वर ठेवलीत, म्हणजे मध्यरेषा साधारण ७.३ वर. ७.३ भागिले १८ म्हणजे ०.४०६. साइन उलटा काढा, २४ अंश येतात. तुम्ही २० समजून २४ वर घासलंत. दोन्ही बाजू मिळून ४८. मार्कर कडेलाच का गेला, त्याचं उत्तर मिळालं.

तुमच्या पात्यासाठी खालच्या कडेखालची मोकळी जागा अशी हवी: २० अंशांना ५ मिमी, १७ ला ४, १५ ला साडेतीन. दुसऱ्या कुणाचा चाकू असेल तर त्याची रुंदी-जाडी घेऊन परत काढायचं, हे आकडे उचलून वापरू नका. आणि नाणी फक्त हाताला पहिली ओळख करून देण्यापुरती. टोकाकडे पातं अरुंद होतं, तिथे तीच उंची ठेवलीत तर कोन भलताच उभा होईल.

आता टोमॅटो. तो घसरला त्याचं कारण कोन नाही, बर. एका बाजूने घासलं की पोलादाचा अतिबारीक पदर दुसऱ्या बाजूला वळतो. अंगठ्याचं पेर पाठीकडून धारेकडे, धारेच्या बाहेर नेत हळूच फिरवा, खरखर लागेल. (धारेच्या लांबीने बोट फिरवू नका, मग दवाखान्यात बसून धागा वाचाल.) तो पदर उभा असताना पेपर मस्त कापला जातो, मऊ सालीवर मात्र तो दुमडतो. स्टेनलेसची बर तर च्युइंगमसारखी चिवट. म्हणून आधी एका बाजूला अख्ख्या लांबीवर बर येऊ द्या, मग बाजू बदला. पन्नास हात मोजून उपयोग नाही, बर आली की थांबायचं. मग एक हात इकडे एक हात तिकडे, प्रत्येक वेळी दाब कमी करत. शेवटचे पाच-सहा नुसत्या पात्याच्या वजनाने. त्यावर जुन्या पट्ट्याच्या चामड्याला बफिंगवाल्यांकडचा हिरवा लस्टर (चकाकी आणायची वडी) चोळून त्यावर पातं मागे ओढायचं. पुढे ढकललंत तर चामडं कापेल.

गाजर तडकलं तो दोष तुमच्या घासण्याचा नाही. गाजराला धार किती अंशांची आहे याने फारसा फरक पडत नाही, धारेच्या मागे पातं किती जाड आहे याने पडतो. अडीच मिमी पाठीचं पातं पाचरच आहे. त्याने गाजर फुटणारच, सुरी घ्या.

भटक्या_हरिहर
काका, चूक मान्य. मी इतकी वर्षं असंच मोजतोय, म्हणजे माझा '२०' बहुतेक २४ होता. आता कळलं ढलप्या काढताना धार का टिकायची आणि सफरचंद का चुरडायचं.

पण मुद्दा सोडत नाही. जास्त कोन म्हणजे जास्त टिकाऊ धार, हे तरी बरोबर ना?

टूलरूमवाला
अर्धं बरोबर. धार दोन तऱ्हांनी जाते. एक, झिजून. दुसरी, दुमडून किंवा तुकडा उडून. इंग्लंडात शेफील्डला कॅट्रा नावाची कटलरीची संशोधन संस्था आहे. त्यांच्या यंत्रात धार वर करून पातं बसवतात, वाळूचा अंश मिसळलेल्या कार्डाची चवड ठरलेल्या दाबाने त्यावर टेकवून मागेपुढे कापतात आणि एकूण किती मिलीमीटर कार्ड कापलं गेलं ते मोजतात. अशा नुसत्या झिजण्याच्या परीक्षेत कमी कोनाचं पातं जास्त कापतं. कारण सोपं आहे. बारीक पाचर थोडी झिजली तरी बारीकच राहते. म्हणून पुठ्ठा, पार्सल, फळं कापणाऱ्याने २० वर अडून बसायचं कारण नाही.

तुमच्या ढलप्यांमध्ये मात्र पातं पिळलं जातं, आडवा जोर येतो. तिथे बारीक धार दुमडते, म्हणून जाड कोन हवा. कामं दोन, उत्तरं दोन.

आणि पोलाद काय सोसतं तेही बघायला लागतं. ८सीआर१३ या नावातच कृती आहे. कार्बन साधारण ०.८ टक्के, क्रोमियम १३ च्या आसपास, चिमूटभर मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. नीट पाणी दिलेलं (तापवून, विझवून कडक केलेलं) असेल तर कडकपणा ५७ ते ५९ रॉकवेल. लाल मुठीचे स्विस चाकू ५५-५६ च्या घरात, थोडे मऊ, पण दोन मिनिटांत परत धार घेतात. आमच्याकडे डायला जे एचसीएचसीआर (जास्त कार्बन, जास्त क्रोमियमचं पोलाद) वापरायचो, त्याच जातीतलं डी-२ हल्ली चाकूंना लावतात. झिजायला चिवट, पण त्यातले कण मोठे, फार बारीक कोनावर कडेचे कपचे उडतात. तुमचं पोलाद १७ आरामात पेलेल.

माझा सल्ला: १७ वर पूर्ण उतार घासा. मग शेवटचे तीन-चार हलके हात २० वर. कडेला केसाएवढा दुसरा उतार तयार होतो, पुढच्या वेळी फक्त तेवढाच ताजा करायचा. दगडाचं आयुष्य वाढतं, पात्याचंही.

सरळकोन
काका, तुमच्या डायवर किती अंश?

टूलरूमवाला
डाय ९० वरच कापतो रे बाबा. तुझं उत्तर चुकीच्या धाग्यावर आलं होतं, एवढंच.

माजघर
😄 सासूबाईंच्या "आवाज बदलतो" ची मार्कर फासून परीक्षा घेतली. बरणीवर त्यांचा कोन नेमका कंपनीच्या उतारावर बसतो. काळं सगळीकडून सारखं गेलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि भाजी निवडायला लागल्या.

अंबड_दुचाकी
मधेच घुसतो. हा चाकू खिशात घेऊन गावात फिरता का? शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याला परवाना लागतो, त्यातून घरगुती आणि शेतीची अवजारं वगळलीत. त्या हिशोबाने हा छोटा चाकू सुटतो. पण पोलीस आयुक्तालयाकडून महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ कलमाखाली जमावबंदीचे आदेश अधूनमधून निघत असतात, तेव्हा हत्यार बाळगायलाच बंदी असते. मिरवणुकीत, सिंहस्थाच्या गर्दीत घरी ठेवलेला बरा. ट्रेकला सॅकच्या तळाशी.

द्राक्षबाग_निफाड
आम्ही बागेत जाताना शर्टाच्या खिशात ठेवतो, पोलीस काय, बायकोसुद्धा विचारत नाही. पण मुद्दा रास्त आहे.

गंगाघाट_नाशिक
रविवार कामी लावला, अहवाल देतो.

चवड ४ मिमीवर आणली. मार्कर फासला, तीन हात मारले, बघितलं. या वेळी उलटं: खांद्याजवळचं काळं गेलं, कड काळी. म्हणजे कंपनीचा कोन १७ आणि २४ च्या मधे कुठेतरी. ५ मिमीवर ठेवून बघितलं, तर माझ्या २४ च्या पराक्रमाची केसाएवढी कड सोडून बाकी उतार सारखा उजळला. म्हणजे कंपनीने २० च्या आसपासच लावला होता. गरिबाला मी उगाच नावं ठेवली.

तरी काकांचं ऐकून १७ वर उतरवला. भरड बाजूवर पाऊण तास गेला. दगडावर करडा चिखल साचत होता, तो मी पहिल्यांदा धुवून टाकत होतो, मग कळलं तोही घासायला मदत करतो. टोकाकडच्या गोलाईत हात अडखळत होता. शेवटी कोपर हळूहळू वर उचलत नेलं की गोलाईवरही मार्कर सारखा जातो हे सापडलं. बर एका बाजूला आली ती मात्र अगदी मुठीजवळच्या अर्ध्या सेंटिमीटरात येईना. तिथे मूठच दगडाला अडते. सोडून दिलं.

मग बारीक बाजू, मग हलके हात, मग २० वर चार हात, मग बाबांचा जुना पट्टा. (बाबांना सांगितलेलं नाही.) दिव्याखाली धार वर करून धरली. आधी बोथट जागा पांढऱ्या ठिपक्यांसारख्या चमकायच्या, आता मुठीजवळचा एक ठिपका सोडला तर काहीच दिसत नाही. टोमॅटोवर नुसता ठेवून ओढला, साल उघडली. पिकलेल्या पेरूची इतकी पातळ चकती निघाली की ती पात्याला चिकटून राहिली.

भटक्या_हरिहर
मुठीजवळची अडचण दगडाच्या कडेवर पातं ठेवून सुटते. मूठ दगडाबाहेर लोंबू द्यायची.

टूलरूमवाला
छान. आता आजोबांचा चाकू काढा.

साधं पोलाद निळं पडतं ते ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास. धारेची पाती पाणी देऊन झाली की साधारण २०० च्या जवळपास परत तापवून ठेवलेली असतात. त्यावर गेलं की कडकपणा उतरतो, कितीही घासा, धार बसत नाही. पण चाकावर बरेचदा फक्त कड तापते, कारण तिथे मांस कमी. मागचं पोलाद शाबूत असू शकतं. बारीक कानस घ्या आणि धारेच्या बाजूला हलकी फिरवा. मऊ झालं असेल तिथे कानस चावते, चांगलं असेल तिथे काचेवरून घसरल्यासारखी घसरते. मुठीपासून टोकाकडे आणि धारेपासून पाठीकडे, दोन्हीकडे तपासा आणि इथे लिहा.

गंगाघाट_नाशिक
काका, आत्ताच केलं. मुठीजवळ घसरते. टोकापासून दीड बोटापर्यंत चावते. पण धारेपासून पाठीकडे गेलं तर दीड-दोन मिमीनंतर परत घसरायला लागते.

टूलरूमवाला
मग दोन मिमी झिजवायचंय. हाताने, दगडावर, पाणी टाकत, चाकावर अजिबात नाही. चार रविवार धरा.

गंगाघाट_नाशिक
धरले.